जुन्या डिस्कला हात न लावता लिनक्स

कराडहून एक वाचक लिहितात: मी ६६ वर्षांचा निवृत्त लिपिक असून आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. माझा टेबलावरचा संगणक २०१७ साली असेंबल करून घेतलेला आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. विंडोज १० ची मुदत संपली, ११ यावर चालणार नाही, नवा संगणक घ्या, असे दुकानदार सांगतात. पुण्यातला भाचा म्हणतो की लिनक्स घाला, फुकट आहे. मी संस्थेचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतो. इतिवृत्ते आणि नोटिसा मराठीत टाइप करतो. २०१९ पर्यंतच्या श्रीलिपीत आहेत, त्यानंतरच्या इन्स्क्रिप्टने युनिकोडमध्ये. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आहे. रविवारी जर्मनीतील मुलीशी व्हिडिओवर बोलणे होते. १४ वर्षांचे फोटो याच संगणकात आहेत. लिनक्स घातले की जुने सगळे पुसले जाते, हे खरे का? आणि या वयात मला ते जमेल का?

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यामागची भीती खरी आहे. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आहे. ती बसवताना जुने सगळे पुसले जाऊ शकते, पण तसे पुसण्याची आज्ञा आपणच दिली तर. काहीही न बसवता, हार्ड डिस्कवर एक अक्षरही न लिहिता, लिनक्स आपल्याच संगणकावर चालवून पाहता येते, आणि पुढे बसवायचे ठरले तरी जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवता येते. टेबलावरच्या संगणकाला ही सोय लॅपटॉपपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तिचा पुरेपूर उपयोग करावा, हेच मला आपल्याला सांगायचे आहे.

दुकानदार म्हणतात ते चूक नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे मात्र नव्हे. यापुढे त्या प्रणालीत सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजवली जाणार नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. विंडोजच्या अपडेट विभागात तिची नोंदणी करता येते का ते पाहावे, म्हणजे लिनक्सची चाचणी घाईने करावी लागणार नाही. प्रोसेसरची अट चुकवून विंडोज ११ घालून देणारेही भेटतील. अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, तेव्हा संस्थेचे दप्तर ज्या संगणकात आहे त्यावर तो मार्ग पत्करू नये.

लिनक्सची ओळख थोडक्यात करून देतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या तरुणाने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प चालवला होता, आणि या दोहोंच्या मिलाफातून आजची प्रणाली उभी राहिली. आपल्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर लिनक्सचा गाभा आपण रोजच वापरत आहात. भाच्याने तिला फुकट म्हटले ते खरे आहे, पण तेवढेच खरे नाही. ती मुक्तही आहे: कितीही संगणकांवर बसवावी, इतरांना द्यावी, तिची घडण उलगडून पाहावी, कोणाची ना नाही.

तिच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. आपल्यासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो, आणि तिचा सिनॅमन हा प्रकार. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीत ती ठीक चालते. जड वाटली तर एक्सएफसीई हा तिचा हलका प्रकार घ्यावा. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण अडचण आली की उत्तर चटकन सापडणे ही नवख्याची पहिली गरज असते, आणि मिंट वापरणारे संख्येने पुष्कळ असल्यामुळे ती गरज तिथे लवकर भागते.

आता कामाला लागण्यापूर्वीची एक अट. १४ वर्षांचे फोटो आणि संस्थेचे दप्तर एकाच ९ वर्षांच्या आसपासच्या हार्ड डिस्कवर आहे, ही गोष्ट मला लिनक्सपेक्षा अधिक काळजीची वाटते. अशी डिस्क आगाऊ कळवून बंद पडत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, सर्व काही तिच्यावर उतरवावे, उतरवलेल्या फाइलींपैकी दहा-वीस उघडून पाहाव्यात आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. लिनक्स घ्यायचे नाही असे उद्या ठरले तरी हे काम वाया जाणार नाही.

यानंतर पेनड्राइव्ह. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. ती मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी आणि रूफस नावाच्या छोट्या, मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस तो पेनड्राइव्ह संगणकाला सुरू करता येईल असा तयार करतो आणि तसे करताना त्यावरचे आधीचे सारे पुसतो, म्हणून रिकामा म्हटले. पेनड्राइव्ह लावून संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पहिला पडदा दिसताच एफ-१२ ही कळ वारंवार दाबावी. मदरबोर्ड वेगळ्या कंपनीचा असेल तर ही कळ एफ-११ किंवा एफ-८ असू शकते. येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडला की दोनेक मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो.

या अवस्थेत सारे रॅममध्ये चालते. आपण काहीही उघडावे, बदलावे. संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढला की पुढच्या वेळी पूर्वीचेच विंडोज जसेच्या तसे सुरू होते. पडद्यावर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असे चिन्ह दिसेल, त्याला मात्र अजून हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवरून चालताना प्रणाली थोडी अडखळते, म्हणून वेगावरून मत बनवू नये. आणखी एका गोष्टीने दचकू नये: विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसू शकते. संगणकाच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स ग्रिनिच वेळ ठेवते, त्या दोहोंतला हा फरक आहे. विंडोजमध्ये वेळ पुन्हा जुळवून घेतली की काम झाले.

पुष्कळ लोक इथे रंगीत चित्रे आणि मेनू पाहतात, छान आहे म्हणतात आणि थेट बसवून मोकळे होतात. आपण तसे करू नये. चाचणी आपल्या स्वतःच्या कामाची घ्यावी. मागच्या वर्षाच्या हिशोबाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन मिंटमधल्या लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये उघडावी आणि प्रत्येक बेरीज एक्सेलमधल्या बेरजेशी ताडून पाहावी. साधी सूत्रे बहुधा बिनचूक येतात. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञा) लिहून दिले असतील तर ते चालतीलच असे नाही. लेखापरीक्षकांना द्यायची फाइल एक्सेलच्याच स्वरूपात जतन करता येते. मुलीशी होणारे बोलणे ब्राउझरमधून होत असेल तर कॅमेरा आणि माइक तिथेच तपासून घ्यावेत. संगणकाला वाय-फायची छोटी यूएसबी पट्टी लावली असेल तर ती कधीकधी लगेच ओळखली जात नाही. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू केले की इंटरनेट तत्काळ मिळते.

मराठीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण आपले निम्मे काम तिच्यात आहे आणि लिनक्सविषयी लिहिणारे बहुतेक लोक ही बाजू सोडून देतात. आपला हात इन्स्क्रिप्टवर बसलेला आहे, हे मोठे भाग्य आहे. इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानकातला कळफलक असल्यामुळे तो लिनक्समध्ये आधीपासून असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी जोडले की बोटे जिथे जात होती तिथेच जातील. तपासण्यासाठी ‘दुसऱ्या’ हा एक शब्द टाइप करावा. शिफ्टसह जे या कळीवर ऱ, त्यानंतर डी या कळीवर हलन्त, मग य आणि काना. पडद्यावर चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट उमटला म्हणजे कळफलक आणि फॉन्ट दोन्ही व्यवस्थित आहेत. त्यानंतर ‘शाळेला’ असे लिहून त्यातले श आणि ल पाहावेत. ही दोन अक्षरे हिंदी वळणाची दिसली तर फॉन्ट बदलण्याआधी लिब्रेऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा मराठी करून पाहावी. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी आहे हे कळले की तीच पुढे येतात. नोटीस मराठीची असेल तर तिचा ल मराठीच असावा, याबद्दल मी आग्रही आहे.

मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे तो लिनक्ससोबत येत नाही. त्यात लिहिलेली इतिवृत्ते इथे उघडली की मजकूर शाबूत राहतो, पण दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो आणि ओळी पुढे-मागे सरकतात. एका पानाची नोटीस सव्वा पानाची झाली म्हणून घाबरून जाऊ नये.

श्रीलिपीचे मात्र तसे नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या त्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, विंडोज असले तरी, इतिवृत्ताऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फॉन्टच्या फाइली लिनक्समध्ये नेल्या तर मजकूर वाचता येईल. टाइप करण्याचा प्रोग्राम मात्र विंडोजचाच आहे. यावर उपाय आजच करण्याजोगा आहे, आणि तो विंडोजमध्येच करायचा आहे. २०१९ पर्यंतच्या प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ करून ठेवावी, कारण पीडीएफमध्ये अक्षरांचे आकारही सोबत जातात. जी कागदपत्रे पुन्हा वापरावी लागतात, जसे नोटिसांचे आणि ठरावांचे नमुने, ती रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणावीत आणि नंतर डोळ्यांखालून घालावीत. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. हे काम कंटाळवाणे आहे, मला ठाऊक आहे. पण आज तो प्रोग्राम आपल्या संगणकावर चालतो आहे. तो संगणक गेल्यावर संस्थेच्या जुन्या सभांमध्ये काय ठरले होते ते वाचायला कोणाकडे जाणार?

आता प्रिंटर. आपल्या यादीतली सर्वांत अवघड वस्तू हीच आहे. एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅनन कंपनीची कॅप्ट नावाची खास भाषा बोलतो, आणि ती लिनक्समधल्या सर्वसाधारण मुद्रणव्यवस्थेला उपजत कळत नाही. म्हणजे तो केबलने जोडला की आपोआप चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि ते काम जाणकाराच्या मदतीने करावे असे आहे. भाचा सुट्टीला आला की हे त्याच्याकडे सोपवावे. तो प्रिंटर लिनक्समध्ये चालला नाही तर त्यासाठी नवा विकत घेण्याची घाई नको: पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्यावी आणि जुन्या विंडोजमधून छापावी, महिन्याकाठी दोन-चार नोटिसांना तेवढे पुरते. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा नेटवर्कवरून, ड्रायव्हरशिवाय छापणारा आहे का, एवढे विचारून घ्यावा.

या चाचण्यांना तीन-चार रविवार द्यावेत. त्यातून मन अनुकूल झाले तरच बसवण्याचा विचार करावा, आणि तो कसा करावा हे मी एका चुकीतून शिकलो आहे. अकरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकावर मी लिनक्स बसवत होतो. त्यात एकाच मापाच्या दोन डिस्क होत्या. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडताना मी यादीतली दुसरी समजून पहिली निवडली. सहा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी त्या डिस्कवर होत्या आणि दुसरी प्रत नव्हती. ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवही समोर ठेवून साडेचार महिने त्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. मला त्या एका शब्दाने लागेलसे बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी कोणाच्याही संगणकावर लिनक्स बसवताना जुनी डिस्क नजरेने ओळखण्यावर विसंबत नाही. तिची केबल काढून ठेवतो.

आपणही हेच करावे. २५० जीबीच्या आसपासची एक साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क; साटा हे तिच्या जोडणीचे नाव) आणि एक जादा साटा केबल घ्यावी. संगणक बंद करून भिंतीवरचा प्लग उपसावा, बाजूचे झाकण काढावे. हार्ड डिस्कला दोन जोडण्या दिसतील: पॉवर सप्लायकडून आलेली रुंद जोडणी आणि मदरबोर्डकडे जाणारी, बहुधा लाल किंवा काळी, चपटी केबल. या दोन्ही हळूच ओढून काढाव्यात आणि नवी एसएसडी जोडावी. हात धजावत नसेल तर त्याच दुकानदारांकडून हे काम करून घ्यावे. पाव तासाचे काम आहे, आणि जुनी डिस्क सोडवून ठेवायची आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे. त्यानंतर पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून बसवावे. आता ‘इरेज डिस्क’ निवडले तरी पुसण्यासारखी दुसरी डिस्क संगणकात नाही. काम झाले की जुनी डिस्क पुन्हा जोडावी. संगणक सुरू करताना एफ-१२ दाबून विंडोज हवे की मिंट ते निवडता येते, आणि दोन्ही प्रणाली एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. काही बिनसले तर एसएसडीची केबल काढली की आपण होता तिथे परत येता.

एसएसडीमुळे संगणक जो हलका होईल त्याचे श्रेय सगळेच लिनक्सला देऊ नये. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आली की विंडोजही धावते. रॅम ८ जीबी करता आली तर ब्राउझर मोकळेपणाने चालेल. मिंटमधून जुन्या डिस्कवरचे फोटो आणि फाइली उघडता येतात. त्या केवळ वाचता आल्या, बदलता आल्या नाहीत, तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ (लवकर सुरू होण्यासाठी संगणक पूर्ण बंद न करण्याची सोय) चालू असल्याचे ते लक्षण आहे. ते बंद करावे. तरीही माझा सल्ला असा की जुन्या डिस्कवर लिनक्समधून काही लिहू नये. (लॅपटॉपवर हे करू पाहणाऱ्या वाचकांनी डिस्कला बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजमधल्या सांकेतिक रक्षणाचे, कुलूप आहे का ते आधी पाहावे आणि त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.)

बसवल्यानंतर टाइमशिफ्ट हा मिंटमधला प्रोग्राम चालू करावा. प्रणालीची आजची स्थिती तो नोंदवून ठेवतो आणि बिघाड झाल्यास तिथे परत नेतो. फोटो आणि कागदपत्रे त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कपाटातली डिस्कच. नवे प्रोग्राम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावेत. इंटरनेटवर कोणी दिलेली आज्ञा न समजता चिकटवून पासवर्ड देऊ नये, आणि फोनवरून संगणक दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला प्रवेश देऊ नये. अशा फसवणुकीपुढे कोणतीही प्रणाली रक्षण करत नाही.

राहिला वयाचा प्रश्न. ज्यांनी टाइप करण्याची जुनी पद्धत सोडून साठीच्या उंबरठ्यावर इन्स्क्रिप्ट आत्मसात केले, त्यांनी हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटले. पहिला आठवडा चिडचिडीचा जाईल. फाइल कुठे जतन झाली ते सापडणार नाही, ओळखीचे बटण दुसऱ्या जागी असेल. म्हणून संस्थेच्या वार्षिक सभेच्या किंवा लेखापरीक्षणाच्या महिन्यात हा बदल करू नये. पुढे कधी टॅली वापरण्याचे ठरले किंवा डिजिटल सहीचे टोकन लावून सरकारी संकेतस्थळावर काम करावे लागले, तर विंडोजची गरज भासेल, आणि ती डिस्क आपल्याकडे असेलच.

श्रीलिपीतील इतिवृत्तांच्या पीडीएफ करण्याचे काम मात्र याच आठवड्यात सुरू करावे. आणि पेनड्राइव्हवरून चालवताना ‘दुसऱ्या’ आणि ‘शाळेला’ हे शब्द कसे उमटले ते मला अवश्य कळवावे. अडले तर त्या पडद्याचे छायाचित्र सोबत पाठवावे.